गाडी कितीची?

गेली सहा वर्षं मी पोटासाठी दुष्टपणा लिहिते. म्हणजे हुद्दा संवादलेखिकेचा आहे. संध्याकाळी साडेसातला लागणाऱ्या एका कौटुंबिक मालिकेत कोण काय बोलणार हे मी ठरवते. नायिकेला फारसं डोकं लागत नाही. ती रडते, माफ करते, देवापुढे उभी राहते, आणि देवाशी जे बोलते ते मागच्या महिन्यातलं जरा फिरवून टाकलं तरी खपतं. खरं काम असतं थोरलीचं. थोरली म्हणजे त्या घरातली मोठी सून. मालिका तिच्यावर चालते, आणि माझं घरही.

थोरलीला आमच्या धंद्यात 'ग्रे' म्हणतात. पूर्ण वाईट नाही, पूर्ण चांगली नाही. हे मी आईला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तिनं विचारलं, मग काय राखाडीच साड्या नेसवणार का तिला? मी म्हटलं, अगं, स्वभाव ग्रे. त्यावर ती म्हणाली की स्वभाव सगळ्यांचाच तसा असतो, त्यात वेगळं काय दाखवताय. चॅनलच्या मीटिंगमध्ये याच एका मुद्द्यावर दोन तास आणि चार प्लेट समोसे खर्ची पडले होते.

आम्ही दोघीच राहतो, मुंबईच्या टोकाला, हाटकेशला, चौथ्या मजल्यावर. बाबा जाऊन नऊ वर्षं झाली. माझं लग्न तीन वर्षं टिकलं, म्हणजे आमच्या मालिकेच्या निम्मं. खालच्या गाळ्यात स्टीलचे डबे ठोकायचं मशीन सकाळी नऊला सुरू होतं आणि त्याच तालावर मी लिहायला बसते. शूटिंग होतं काशीमीऱ्याच्या एका गोडाऊनमध्ये. एका बाजूला गॅरेज, दुसऱ्या बाजूला ढाबा, आणि मध्ये प्लायवूडचं कोकणातलं घर, तुळशीवृंदावनासकट. थोरली कुणाच्या तरी दुधात पुडी सोडत असते, सगळ्यांनी श्वास रोखायची वेळ असते, आणि नेमका बाहेर एखादा ट्रक पिंपिं करत रिव्हर्स घेतो. साउंडवाला हात वर करतो. ट्रक नीट लागेपर्यंत थोरली पुडी हातात धरून उभी राहते आणि मेकअपदादाला मुलीच्या शाळेच्या ॲडमिशनची गोष्ट सांगते.

पण दुष्टपणा रोज रोज आणायचा कुठून? पहिल्या वर्षी मी विष वापरलं, खोटे कागद वापरले, जिन्यावर तेल ओतलं. जिन्यावर एकदा तेल ओतून झालं की लेखकाकडे फारसं काही उरत नाही. तेव्हा मी आईकडे वळले. तिला न सांगता.

आई संगमेश्वरकडची. त्या बाजूला पाहुणा आला की त्याला विचारतात, गाडी कितीची? म्हणजे परतीची एसटी किती वाजताची. त्यात वाईट काही नाही. पाणी होतं, चहा होतो, गावात कोण आजारी, कोणाची म्हैस व्याली हे सगळं बोलून होतं, आणि मग विचारतात, म्हणजे त्या अंदाजानं भात टाकता येतो. आमच्या आईची खुबी अशी की नको असलेला पाहुणा दिसला की ती हा प्रश्न दारातच विचारते. 'या' म्हणायच्याही आधी. आवाज इतका गोड की ऐकणाऱ्याला पहिल्यांदा कळतच नाही. आणि ते विचारताना ती पुढे होऊन त्याच्या हातातली पिशवी घेते. माणूस सुखावतो, वा, किती आदरातिथ्य. पिशवी आत गेली तर तो राहणार. पिशवी चपलांशेजारी ठेवली गेली, तर त्यानं समजून घ्यायचं. आमच्या नात्यातले सगळे समजून घेतात.

हे मी जसंच्या तसं थोरलीला दिलं. पहिल्या दिवशी नटीनं भुवई वर करून, एकेक शब्द चावून म्हटलं, गाडी कितीची. मागे ढॅणढॅण संगीत. मी सेटवर फोन करून सांगितलं की असं नाही, प्रेमानं म्हणा. पाहुण्याची पिशवी हातात घ्या, हसा, आणि मग म्हणा. तिनं तसं केलं. कॅमेरामन म्हणे बाजूला जाऊन मावशीला फोन लावून आला, बऱ्याच दिवसांत लावला नव्हता.

वाक्य गाजलं. इतकं, की हाटकेश नाक्यावर रिक्षावाला एखादं गिऱ्हाईक घ्यायचं नसलं की त्याला ओरडायचा, "क्या भाई, गाडी कितीची?" सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरीचं भाषण लांबलं की मागून कुणीतरी हळूच म्हणायचं. शेजारच्या गुजराती बेन रोज साडेसातला आमच्याकडे येऊन बसतात, कारण त्यांच्या घरी त्या वेळेला क्रिकेट असतं. त्यांना मराठी बेताचंच येतं. त्यांनी आईला विचारलं, "आंटी, इसमें बहू ने गलत क्या बोला?" आई म्हणाली, "कुछ गलत नहीं बोला. गाडी का टाईम पूछा." आणि विजयी मुद्रेनं माझ्याकडे पाहिलं.

तिला कळलं होतं, अर्थातच. पहिल्याच दिवशी कळलं. पण राग यायच्या ऐवजी तिला अभिमान वाटला. जिन्यात भेटेल तिला सांगायची की टीव्हीवर ते म्हणतात ना, ते माझं. थोरलीची बाजू ती अशी हिरिरीनं घ्यायची की जणू पगार तिला मिळतोय. थोरलीनं दागिना लपवला तर आई म्हणायची, विसरली असेल ठेवून. थोरलीनं धाकट्या जावेचा फोन चोरून ऐकला तर म्हणायची, आवाज कानावर पडतो, काय कापूस घालायचा का? मी जेवढा दुष्टपणा लिहायचे तेवढा ती घरबसल्या धुऊन काढायची.

हे वाक्य ऐकून न हसणारं एकच माणूस मला माहीत होतं. आत्या.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. गावाला असते, संगमेश्वरच्या अलीकडे. तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन इथे मुंबईत झालं, त्यामुळे दर दोन-तीन महिन्यांनी तपासायला येते. गाडी तिला सकाळी काशीमीऱ्याला हायवेवर सोडते. तिथून आमचं घर रिक्षानं दहा मिनिटांवर. ती येते, अंघोळ करते, जेवते, आणि चारच्या ठोक्याला उठून भाईंदर पूर्वेला जाते, एका लांबच्या पुतण्याकडे. त्याच्या स्टेशनजवळच्या दीड खोलीत आधीच पाच माणसं आहेत. सख्ख्या भावाच्या घरी मात्र ती इतक्या वर्षांत एकदाही रात्रीची राहिली नाही. तिची बॅग ती स्वतःच चपलांशेजारी ठेवते. आईनं हात पुढे करायच्या आत.

का, ते मला ठाऊक होतं. मी तेव्हा नऊ वर्षांची होते, आम्ही परळच्या खोलीत राहायचो. दुपारची वेळ, बाबा ड्युटीवर, मी दाराशी बसून भागाकार करत होते. आत्या आली. हातात पत्र्याची ट्रंक होती. नवऱ्याचं घर सोडून आली होती, हे नऊ वर्षांच्या मुलीलाही कळावं इतकी ती ट्रंक मोठी होती. आई पुढे झाली, तिनं हसून ट्रंक घेतली, चपलांशेजारी ठेवली आणि विचारलं, "वन्सं, गाडी कितीची?" आत्यानं चपलांशेजारच्या ट्रंकेकडे बघितलं. मग म्हणाली, साडेचारची मिळेल. आईनं चहा केला. आत्यानं तो उभ्यानंच प्यायला आणि ट्रंक उचलून गेली. रात्री बाबांना सांगू नकोस असं आईनं मला बजावलं, त्यांना उगाच वाईट वाटेल. मी सांगितलं नाही. बाबा गेले तोवर त्यांना ते कळलं नव्हतं. आत्या नवऱ्याकडे परत गेली, आणि तो मरेपर्यंतची अकरा वर्षं तिनं तिथे कशी काढली हे आमच्या घरात कुणी कधी विचारलं नाही.

एवढं सगळं माहीत असून मी पुढचं केलं, हे मला इथे कबूल करायलाच हवं.

चॅनलची क्रिएटिव्ह, म्हणजे गोष्ट कुठे वळवायची ते सांगणारी, एक सव्वीस वर्षांची चुणचुणीत मुलगी आहे. तिनं फोन केला की थोरलीसाठी या आठवड्यात काहीतरी छोटं पाहिजे. विष नको, अपहरण नको, प्रेक्षक कंटाळलेत. "छोटं, पण माफ करता येणार नाही असं." संध्याकाळी पाचच्या आत. खालचं मशीन ठोकत होतं, माझं डोकं रिकामं होतं. मी लिहायला बसले आणि वीस मिनिटांत सीन झाला. नणंद नवऱ्याला सोडून ट्रंक घेऊन दारात येते. थोरली हसून ट्रंक घेते. गाडी कितीची. सहा वर्षांत इतकं झरझर मी काही लिहिलं नव्हतं. पाठवल्यावर पाच मिनिटांत फोन आला, अंगावर काटा आला म्हणे, फक्त तो चहा कट कर. चहा दिला की थोरलीला सिम्पथी जाते. मी चहा कट केला.

आता मी काय केलंय हे माझ्या लक्षात यायला चार दिवस लागले, म्हणजे प्रोमो लागेपर्यंत. आत्या गावाला ही मालिका बघते. अख्खी वाडी बघते. एवढी वर्षं दोघींनी काही न बोलता जे झाकून ठेवलं होतं, ते मी उचलून महाराष्ट्राला दाखवणार होते, आणि तेही चहा वगळून. यानंतर आत्या दिवसापुरतीही येणार नाही, याची मला खात्री वाटायला लागली. आणि आई? आईला जिन्यात कुणी विचारलं तर ती काय म्हणणार होती, हेही माझं का?

एपिसोड लागला. बेन शेजारी बसल्या होत्या. आईच्या मांडीवर मेथीची जुडी होती. सीन संपला, बेन म्हणाल्या, "ये तो बहुत गलत किया." आईनं थोरलीची बाजू घेतली नाही. तिनं मेथी तशीच कागदात गुंडाळली आणि फ्रीजमध्ये ठेवली.

सकाळी तिनं ती पुन्हा काढली आणि निवडता निवडता, वर न बघता विचारलं, "तुला ते आठवतं?"

मी हो म्हटलं.

"मला वाटलं तू लहान होतीस."

मग मी घाईघाईनं बोलत सुटले. सहा वर्षांची सवय, कुणी गप्प बसलं की त्याच्या तोंडात संवाद घालायचा. म्हटलं, खोली केवढीशी होती आपली, आजी आजारी होती, बाबांची शिफ्ट, तू तरी काय करणार होतीस. बाई कशी परिस्थितीत अडकते वगैरे वगैरे. यातलं अर्धं मी पुढच्या आठवड्यासाठी थोरलीला लिहिलेलं होतं. चॅनलला तिची बॅकस्टोरी हवी होती: लहानपणी आईनं टाकलेली पोर, म्हणून ती अशी. निगेटिव्ह बाईला एक दुःख दिलं की प्रेक्षक तिला पदरात घेतात, असा आमच्याकडे हिशेब आहे.

आईनं सगळं ऐकून घेतलं. "जागा होती," ती म्हणाली. "गॅलरीत झोपली असती. पुढच्याच महिन्यात तुझी मावशी आली, ती दिवाळीपर्यंत राहिली ना?"

मला आठवलं. मावशी आली तेव्हा तिची पिशवी सरळ आत गेली होती.

"मग का गं?"

"नको होती मला ती. बस्स." देठ खुडत ती म्हणाली. "ते तुझ्या बाईला आता काहीतरी कारण देशील ना तू? देऊ नकोस. मला नव्हतं."

मला तिचा राग आला. आणि ती इतकी सरळ बोलली म्हणून तिच्या गळ्यात पडावंसंही वाटलं. दोन्ही एकदमच, आणि मला दोन्हींपैकी काहीच जमलं नाही. मी मेथी निवडायला लागले. मला ती नीट निवडता येत नाही, असं म्हणून तिनं जुडी माझ्यापुढून ओढून घेतली.

बॅकस्टोरीचा सीन मी काढून टाकला. क्रिएटिव्हनं विचारलं की मग ती असं का वागली. मी म्हटलं, वागली. ती म्हणाली, ताई, ऑडियन्सला कारण लागतं. बराच वाद झाला. शेवटी नवा सीन लिहून घ्यायला वेळ उरला नव्हता म्हणून तसंच शूट झालं. आमच्याकडे मोठे निर्णय असेच होतात.

आत्याचा फोन आठवडाभर आला नाही. एरवी ती दर बुधवारी करते. आई बुधवारी मोबाईल ओट्यावर घेऊन पोळ्या करत होती, एरवी तो तिच्या उशीखाली असतो. मी फोन लावू का, म्हणून विचारलं तर म्हणाली, तू आता काही करू नकोस. ते बरोबरच होतं. डोळ्यांची तारीख पुढच्या सोमवारची होती. ती येईल की परस्पर भाईंदरला जाईल, यावर आम्ही दोघी एक शब्दही बोललो नाही, पण रविवारी आईनं कुळथाच्या पिठीसाठी कोकमं भिजवली. आत्याशिवाय आमच्याकडे ती कुणी खात नाही.

सोमवारी साडेआठला बेल वाजली. मी दार उघडलं. आत्या होती, हातात निळी बॅग, डोळ्यांवर काळा चष्मा. आई माझ्या मागे येऊन उभी राहिली. आत्यानं आत पाऊल टाकायच्या आधी माझ्याकडे बोट केलं.

"तू खोटं का लिहिलंस? वहिनीनं मला चहा दिलान. आलं घालून."

मी काहीतरी पुटपुटले, चॅनल, सिम्पथी. ते तिनं ऐकलंही नाही.

"उभ्यानं प्यायलात तुम्ही," आई मागून म्हणाली. "मी बसा म्हटलं नाही."

आत्यानं जरा विचार केला. "हो," ती म्हणाली. "बसा म्हटलं नाहीत, ते मात्र यांनी बरोबर दाखवलंय." आणि बॅग चपलांशेजारी ठेवून, नेहमीसारखी अंघोळीला गेली.

मी लिहिलं असतं तर इथे पाच मिनिटं रडारड झाली असती, आणि पाय धरणं, आणि देव्हाऱ्यातली घंटा आपोआप वाजली असती. इथे बाथरूममधून बादली भरल्याचा आवाज येत होता. आई गॅसपाशी गेली आणि आलं किसायला लागली. फार आलं किसलं तिनं. चहा तिखट झाला, पण आत्यानं खुर्चीत बसून दोन कप घेतला.

मग मी तिला तपासायला घेऊन गेले. डॉक्टरांनी डोळ्यांत औषध घातलं आणि तीन तास उजेडाकडे बघू नका म्हणून सांगितलं. आम्ही जेवायला परत आलो. पिठी झाली, भात झाला. आत्या डोळे मिटून हॉलमधल्या दिवाणावर पडून राहिली. चार वाजले. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन घड्याळाकडे बघून गेली. साडेचार वाजले. भाईंदरच्या पुतण्याचा फोन आला, आत्यानं तो उशाशी वाजू दिला. आई परत आली, काहीतरी विचारायला तोंड उघडलं, आणि मिटलं. तिला दुसरं कुठलं वाक्यच सुचत नसावं. इतक्या वर्षांत तिनं त्या दाराशी एकच वाक्य वापरलं होतं, आणि ते आता वापरता येत नव्हतं.

साडेसातला बेन आल्या. मी टीव्ही लावायला नको म्हणत होते, पण आत्या डोळे न उघडता म्हणाली की लाव, मला ऐकू येतं. शीर्षकगीत झालं. नायिका रडली. मग दारावर टकटक, थोरलीची पावलं, आणि तो गोड आवाज, "या या. गाडी कितीची?"

बेननी आईकडे पाहिलं.

"आज नाहीये म्हणावं तिला," आत्या मिटल्या डोळ्यांनी म्हणाली. "उद्याचं उद्या बघू."

आई उठली. दारापाशी जाऊन तिनं निळी बॅग उचलली. जड होती, त्यात कुळीथ आणि तांदूळ होते. मी पुढे झाले तर तिनं माझा हात बाजूला केला. दोन्ही हातांनी धरून, मध्ये एकदा टेकवत, तिनं ती आतल्या खोलीत नेली आणि स्वतःच्या पलंगावर ठेवली.